कुंपणाची उंची

तळघरातल्या कपाटात नकाशा आहे, एकोणीसशे सव्वीसचा.
कापडावर चिकटवलेला. घड्या झिजल्यात तिथून उजेड येतो.
लंडनच्या पूर्वेला, वाटाण्याच्या शेतांवर
कुणीतरी कंपासपेटी घेऊन बसलं
आणि चार हजार घरं मांडली:
लाल कौल, हिरवं दार,
पुढे मेंदीसारखं कुंपण, कमरेइतकं.
कुणाच्या कमरेइतकं, ते लिहिलेलं नाही.

माझी नोकरी त्या कुंपणाची.
म्हणजे कौन्सिलचं पत्र घेऊन जायचं,
टेप लावायची, फोटो काढायचा
आणि नियमात बसत नाही हे
जमेल तितक्या गोड आवाजात सांगायचं.
आई फोनवर विचारते, एवढं शिकून तिकडे करतेस काय?
लोकांच्या परसात डोकावते, मी म्हणते.
ती म्हणते, ते तर इचलकरंजीतही करायचीस.

एकोणचाळीस नंबरच्या डोरीन पिलबीम,
वय ब्याण्णव, जन्म ह्याच घरातल्या वरच्या खोलीत,
त्यांच्याकडे भाडेकरूंचं जुनं पुस्तक आहे.
खिडक्या आठवड्यातून एकदा पुसाव्यात.
वाळत घातलेलं रस्त्यावरून दिसू नये.
कोंबड्या पाळू नयेत.
भाडंवसुलीवाला त्यांच्या वडिलांना म्हणाला होता,
तुमच्यासारख्यांना बाथटब देऊन काय उपयोग, कोळसा भराल.
"वडिलांनी कोळसा नाही भरला," डोरीन म्हणतात.
"कोंबड्या ठेवल्या. सहा."

तुमच्यासारख्यांना.
हा शब्द इथून कधी घर सोडून गेलेला नाही,
फक्त तोंडं बदलतो.
डोरीननंही वापरला एकदा, शेजारी सामान उतरत होतं तेव्हा.
स्वतःच सांगतात, बिस्किटाचे तुकडे करत.
पुढचं सांगत नाहीत.
त्यांच्या घराची दुसरी किल्ली मात्र
फसान्यांच्या फ्रिजवर असते, चुंबकाखाली.

घरं विकायला काढली त्या वर्षी
ज्यानं त्यानं आधी दार रंगवलं,
हिरवा सोडून कुठलाही रंग.
मग गाड्या आल्या, कुंपणं उपटली गेली,
कुठे फरशी, कुठे सिमेंटचे सिंह,
रासा नावाच्या बाईंनी लिथुआनियाहून काळे करंट आणून लावले,
बेचाळीसच्या पुढच्या खोलीत दर शुक्रवारी
पंधरा जोडी बूट दाराबाहेर. बाकी शांत.
ह्या सगळ्याची माझ्याकडे फाइल आहे.
नकाशा मी क्वचितच काढते. जुळत नाही म्हणून नव्हे;
रेघा अजून जुळतात, हेच विचित्र वाटतं.

परवा अकोसुआबाईंच्या शेडची तक्रार आली.
मागे गेले, टेप लावली, खाली पाहिलं
तर अळू.
हत्तीच्या कानाएवढी पानं, देठ जांभळे.
मी इंग्रजी विसरले क्षणभर.
"शिजवता?" म्हटलं.
"शेंगदाणे घालून."
"आम्हीपण. घसा नाही खाजत?"
"तासभर उकळते."
"आम्ही चिंच घालतो."
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की चिंच म्हणजे आळशी माणसाचा उपाय.
थंडीत कंद उपटून वर्तमानपत्रात गुंडाळतात,
शेडमध्ये ठेवतात. म्हणून शेड.

दोन मीटर पंचावन्न. पाच सेंटिमीटर जास्त.
मी तसंच लिहिलं, खोटं नाही लिहिलं.
"कापू कुठून?" त्यांनी विचारलं. "वरून की खालून?"
मग स्वतःच म्हणाल्या, "भोवती माती टाकली तर?"
नियम मला पाठ आहेत, उत्तरही माहीत होतं.
पण नकाशात माती किती खोल ते कुठेच दाखवलेलं नाही,
एवढंच सुचलं तेव्हा.
म्हटलं, बघून कळवते.

निघताना चार पानं दिली,
कौन्सिलच्याच पत्रात गुंडाळून.
बसमध्ये मांडीवर धरून बसले होते,
शेजारच्या मुलानं दोनदा वास घेतला.

घरी चिंच नव्हती.
तासभर उकळायचा धीरही.
रात्रभर घसा खाजत होता.