एकोणतीस अंगठे कमी

आमच्या अल्काल्देनं, म्हणजे नगराध्यक्षानं,
चौकात सिमेंटचा ट्राउट मासा उभा केला.
चार मीटर उंच. खवल्यांना निळा रंग.
उघड्या तोंडातून कारंजं उडणार होतं.
वरच्या वस्तीला अजून पाण्याचा पाइप नाही,
माशाला कुठून येणार?

लीमाला गेले, अठरा तास बसनं.
अर्जाचा संच विकत घेतला, शाईची डबी वेगळी.
खिडकीतली मुलगी न बघता बोलली :
पहिल्या वर्षी काढता येत नाही,
माणसाला खुर्चीत बसून तर बघू द्या.
शेवटच्या वर्षी काढता येत नाही,
जाणाऱ्याला काय ढकलायचं.
मधल्या दिवसांत, तेही एकदाच,
चौथा हिस्सा मतदारांचे अंगठे आणा.
आमचे दोन हजार पाचशे साठ.
म्हणजे सहाशे चाळीस.

मी शाळा सुटल्यावर चढायचे.
कुत्री अंगावर यायची, मग ओळखायला लागली.
कुणी सही दिली, कुणी उकडलेला बटाटा,
तोरिबियो पाउकारनं दोन्ही दिलं
आणि माझं नाव सांगू नकोस म्हणाला.
डोन्या बेनिता सुल्कानं हात पुढे केला :
किती बोटं हवीत?

तिच्या अंगठ्यावर रेषाच नव्हत्या.
साठ वर्षं बटाटे उकरले,
गोठवले, सोलले, ओढ्याच्या बर्फात धुतले.
रेषा कुठल्या साली मातीत गेल्या
तिला आठवत नाही.
कागदावर एक काळा गोल उमटला,
डोळा मिटल्यासारखा.

सहाशे त्र्याण्णव जमले. मी नाचले नाही, पण जवळजवळ.

दोन महिन्यांनी पत्र : ब्याऐंशी बाद.
काही मेलेले निघाले (ते मला माहीत होतं,
त्यांच्या मुलांनी आग्रहच धरला),
बाकी सगळ्यांपुढे एकच शेरा, ठसा अस्पष्ट.
बेनितानं सरकारला अंगठा दिला,
सरकारनं तिला अंगठा दाखवला.

घरी येऊन मी भांडी आपटली.
असल्या कायद्याला चुलीत घाला म्हणाले.
आई खरंच चुलीत लामाच्या लेंड्या सारत होती.
वर न बघता म्हणाली,
तुझ्या बापाच्या वेळी हा कायदा नव्हता.

साडेचार महिने तो अल्काल्दे होता.
कुरणांची मोजणी मागितली, एवढंच.
पाउकारांच्या घरचे अकरा जण आले,
दार मोडलं, शिक्का हिसकावला,
त्याला बाईचा घागरा नेसवून
चौकातून तीन फेऱ्या फिरवलं.
कुणी सह्या मोजल्या नाहीत.
कुणी ठसे ताडून पाहिले नाहीत.
गाव हसत होतं.
मी सात वर्षांची. बाबांच्या घागऱ्याला
पिवळी नक्षी होती, मला आवडली,
आणि सगळे हसत होते म्हणून
मीही हसले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं.

तेव्हा त्या दारात एखादी कंटाळलेली मुलगी
खिडकी उघडून बसली असती,
आणि न बघताच म्हणाली असती,
पहिल्या वर्षी नाही.

पत्र मी मिठाच्या डब्यामागे ठेवलं.
फाडलं नाही. पटलं म्हणून नाही.

रविवारी बाजारात फुल्हेन्सियो तिकोना भेटला.
टोपी काढली, बाईंना वाट करून दिली.
मी विचारलं, पाइप?
पुढच्या अंदाजपत्रकात, म्हणाला,
आणि वर असंही, की मासा त्याच्या बायकोला आवडला नव्हता.
मला हसू आलं, आणि त्याचा राग आला.

बेनिता सुल्का दोन रिकामे डबे घेऊन
खालच्या ओढ्याकडे निघाली होती.
माशापाशी थांबली. खालच्या ओठाशी टाचा उंचावून
घशात हात घातला, कोपरापर्यंत.
मग तो कोरडा हात
सवयीनं घागऱ्याला पुसला.