एक बोट हवा

उद्यमबागेत, लेथच्या दोन शेडांमधल्या बोळात
माझं गॅरेज.
पहाटे भाजी घेऊन गोव्याला उतरलेला इराप्पा
दुपारी चोर्ला चढून, कुठं न थांबता, दारात येतो.
मागं बर्फात बांगडे,
पुढं भट्टी.

बॉनेटवर हात ठेववत नाही.
टर्बोच्या बरोबर वर रंगाला फोड आलेत,
वायरीचं कातडं वितळून तांबं दिसतंय,
आणि वायपरच्या पाण्याची टाकी एका बाजूनं
खाली बसलीय,
जेवून पेंगणाऱ्या माणसासारखी.

"पट्टी गुंडाळ," इराप्पा म्हणतो.
त्यानं मोबाइलवर बघितलंय:
मोडक्या पायाला बांधावी तशी पायपाला पट्टी.
गुंडाळीन की.
बादलीत भिजवीन, अर्ध्यावर अर्धी चढवीन,
पहिल्या दिवशी धूर निघेल, घाबरून फोन करू नकोस.
पण तुझी वाट जांबोटी, कणकुंबी.
तिथं चार महिने पाणी आडवं मारतं.
पट्टी ते पिऊन बसेल,
आणि आतला पाईप पुढच्या दसऱ्याला
पापडासारखा मोडेल.

तो कन्नडमधून कुरकुरतो,
मी मराठीतून पत्रा कापतो.

दोन पत्रे, मध्ये वायसर,
पायपापासून एक बोट अंतर.
माझं बोट नव्हे. वडिलांचं.
मोनाप्पा, मच्छ्याच्या फौंड्रीत अठ्ठावीस वर्षं
वितळल्या लोखंडाचा डबा धरलेलं बोट,
दोन बोटांएवढं.
पत्र्याला पाईप टेकला की पत्राही पाईपच झाला.
मधली हवा राखायची.
एवढंच काम, त्याला दीड तास लागतो.

तापाचे रंग त्यांना नावानिशी ठाऊक होते:
जांभळट, कोकमाचा, कुंकवाचा, केशरी,
मग तो पांढरा, ज्याच्याकडं बघायचं नाही.
त्यांनी बघितलं.
आता डाव्या डोळ्यात काही नाही,
उजव्यात दुधाची साय.

तरी गाडी घाटाच्या बाजूला पिटाळून आणली की
ते स्टुलावरून उठतात,
भिंत चाचपत बॉनेटपाशी येतात
आणि गाल पुढं करतात.
दाढीचे पांढरे खुंट, पत्रा,
मध्ये वीतभर दुपार.
आधी फायरवॉलकडं, मग ब्रेकच्या नळीकडं,
मग जिथं टाकी पेंगली होती तिथं.
"हितं थोडं अजून येतंय."
मी आणखी एक वायसर घालतो.

इराप्पाचा हात किल्लीवर.
"थांब की रे!"
न बघताच कसं कळलं, देव जाणे.
आत्ता बंद केलंस तर तेल आहे तिथंच थांबतं,
तापल्या दांड्यावर करपतं,
तव्यावर विसरलेल्या तेलासारखं
काळं, चिवट, खरवडून न निघणारं.
चालू राहू दे. नुसतं. रेस नको.

मग ते मोजायला लागतात.
घरात मराठी बोलणारे माझे वडील
मोजतात मात्र कन्नडमध्ये,
कारण साच्यात रस ओतताना
हुदलीचा फोरमन तसं मोजायचा:
वंदु, येरडु, मूरु...
चाळिशीपाशी इराप्पाचे ओठ हलू लागतात,
साठाशी माझेही.

नूरु.

किल्ली फिरते.
पंखा अजून थोडा वेळ आपला आपण फिरतो.
मग तोही राहतो,
आणि आवळत जाणारं लोखंड
टिक्
टिक्
करत असताना
वडील मान तिरकी करून उभे,
मागून बर्फाचं पाणी
त्यांच्या चपलेपर्यंत येतं.