वरचा बंक

रुवैसच्या कॅम्पात, खोली एकशे बारा,
माझ्या वरच्या बंकवर दाऊद परकार.
झोपण्याआधी कमरेचा पट्टा आवळतो,
हूक लोखंडी दांडीत अडकवतो. खट्.
ओढून बघतो. पुन्हा खट्.

टेकबहादूरचा हूक लागला नव्हता त्या दिवशी,
एवढंच.
खाली दाऊद उभा, हातात पाण्याची बाटली,
त्याच्यासाठीच आणलेली.
रिपोर्टात लिहिलंय: मयत एक,
इतर कोणासही इजा नाही.
खाली इतरांच्या सह्या. दाऊदचीही.

आता मेसमध्ये कुणाचं ताट पडलं
की त्याचा घास तोंडातच राहतो.
आधी आम्ही हसायचो.

परवा गुहागरहून व्हिडिओ कॉल.
पोर झोपाळ्यावर, पडके दात दाखवत,
उंच, अजून उंच.
"उतर! उतर खाली!"
सगळा कॉरिडॉर जागा झाला.
झोपाळा हलत राहिला. पोर गप्प.

क्लिनिकात प्रेशर मोजलं, म्हणाले, नॉर्मल.
एक पिवळी गोळी दिली.

रात्री दोनला वर खट्.
मी अंधारात हात वर नेतो,
दांडी चाचपतो,
हळूच सांगतो, दाऊदभाय, लागलाय.
तो म्हणतो, परत बघ.
मी परत बघतो.