फुंकता का?

मुहर्रकच्या दवाखान्यात, एसी गळतो म्हणून बादली ठेवलेल्या खोलीत
मी माणसांना श्वास धरायला लावते.
पंधरा सेकंद. मग सावकाश, नळीत,
आत काही उरणार नाही असा सोडायचा.

फॉर्मवर नाव: बशीर परकार. गाव हर्णै.
इंग्रजीत विचारणार होते,
तोंडून निघालं, "फुंकता का?"
तो चपापला. चौदा वर्षांत इथल्या कुणी
मराठीत काही विचारलं ते हे.
"फुंकतो की," म्हणाला, "दुसऱ्यांचे निखारे."

हुक्क्याच्या कॅफेमागे, पत्र्याच्या आडोशाला,
दुपारी चार ते रात्री दोन, जाळीची टोपली हलवत.
विडी नाही, सिगारेट नाही, तपकीरसुद्धा नाही.
लेकीची शपथ घेतली, मी न मागता.

नळी त्याने तिरपी धरली, फुंकणी धरतात तशी.
सरळ धरा, म्हणावं लागलं.

सात. बारा. एकोणीस.
तेवीसवर थांबला आकडा.
रोज पाकीट संपवणाऱ्याचा असतो एवढा.

"पास?"

काय सांगू. या वायूला वास नाही, रंग नाही,
रक्तात प्राणवायूच्या जागेवर बसतो
आणि पाचेक तासांत निम्मा उठून जातो,
कप न विसळता.
डॉक्टर म्हणतात, आकडा आजचा समजू नका,
वीस वर्षांनी दुखणारी छाती
आत्ताच खोकून दाखवते आहे.

"रविवारी सुट्टी माझी," तो हळूच म्हणाला,
"सोमवारी सकाळी येऊन फुंकू?"
हिशेब बरोबर होता त्याचा.
सोमवारी चार येईल. कदाचित तीन.
सोमवारी संध्याकाळी पुन्हा टोपली.

फॉर्मवर चौकोन दोनच: ओढतो, ओढत नाही.
दुसऱ्यात खूण केली तर तेवीस खोटा,
पहिल्यात केली तर बशीर.
मी समासात लिहिलं, मराठीत: निखारे फुंकतो.
मुख्य परिचारिका मनिलाची. तिला वाटलं, माझी सही.

"तिथलं दार उघडं ठेवत जा," मी म्हटलं.
"गार हवा जाते बाहेर. मालक बिलावरून ओरडतो."
"मग थोडंसंच."
"थोडंसं म्हणजे इतकं?"
त्याने दोन बोटांत फट धरून दाखवली,
सिगारेट मावेल एवढी.