दुसऱ्याची चाळिशी

गुरुवारी चर्चमागच्या खोलीत
परदेशी म्हातारे मदत करायला बसतात.
कुणी मुलांना इंग्रजी शिकवतं, कुणी दात बघतं,
एक बाई गावातल्या कुत्र्यांना टोचते.
त्यांची पेन्शन त्यांच्या देशात पुरत नाही,
इथे पुरून उरते.
त्या उरलेल्यातलंच हे असावं.

मी तक्रार करत नाही.
नदीकाठची घरं त्यांनी घेतली
तेव्हा माझ्या पुतण्याचं भाडं दुप्पट झालं.
तो आता डोंगरावर राहतो
आणि रोज सकाळी खाली उतरतो, त्यांच्याच बागेत कामाला.
एवढंच सांगून ठेवते.

चष्मेवाला वेंडेल विनिपेगचा.
उंच. दाराची चौकट
दर गुरुवारी नव्याने कपाळाला लागणारा.
बुटांच्या खोक्यांत दोनशे जुने चष्मे,
प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.
कुणाचे म्हणून विचारलं
तर दुभाषी पोर, नायेली, अडखळली.
"आजी, बरेचसे मेलेल्यांचे."

मेलेल्यांचं आम्हाला वावडं नाही.
नोव्हेंबरात आम्ही त्यांच्यासाठी पावाच्या बाहुल्या भाजतो,
थडग्यापाशी बसून त्यांच्यासोबत खातो.
चष्म्याचं काय एवढं.

साठ वर्षं गवताच्या टोप्या विणते आहे,
त्यातली शेवटची आठ बोटांनी बघत.
वय चौऱ्याहत्तर, आणि चाळिशी आत्ता.

"हे बरं की हे?"
काचा बदलत तो विचारतो.
तेवढी आमची भाषा त्याला चोख येते,
बाकीच्या भाषेत तो पाहुण्यासारखा वावरतो,
वस्तू पाडत.
लग्न झालेला आणि थकलेला,
आमच्याकडे या दोन शब्दांत एका अक्षराचं अंतर.
बायको कुठेय, असं कुणीतरी विचारलं.
तो म्हणाला,
"एक्केचाळीस वर्षं मी थकलेला होतो.
आता नाही."
बाकावरच्या बायका शाली तोंडाशी धरून फिदीफिदी हसल्या.
नायेलीने चूक सुधारली नाही.
मी म्हटलं, "मी बेचाळीस."
त्याने मान डोलावली,
ते सगळ्यालाच डोलावतात तशी.

तेवीस चष्मे झाले.
एकातून भिंत पोटुशी दिसली,
एकातून क्रुसावरच्या येशूला चार हात.
मग त्याने काढला तो खोक्यातला नव्हता,
शर्टाच्या खिशातला होता.
चिठ्ठी नाही.
एक दांडी कधीतरी मोडलेली,
नखांच्या लाल रंगाने चिकटवलेली.
माझ्या नाकावर ठेवताना
त्याचा हात जरा जास्तच वेळ कानापाशी राहिला.

आधी दिसली मांडीवरची टोपी.
तिसऱ्या फेऱ्यात वीण चुकलेली,
पुढे पुन्हा, कडेला तर आनंदच.
आठ वर्षं बोटं मला खोटं सांगत होती.
कुएंकाचा आडत्या दर वर्षी भाव पाडायचा
आणि मी त्याच्या आईबापांचा उद्धार करायची.
चला, म्हणजे तो निदान आंधळा नव्हता.

मग दिसला तो.
हनुवटीखाली वस्तऱ्यातून सुटलेले पांढरे खुंट,
कॉलरचं बटण तुटलेलं, तिथे टाचणी.
"हे बरं की हे?" त्याने विचारलं.
त्याच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

मी नायेलीला म्हटलं, शर्ट काढायला सांग.
आजी, हे मी कसं सांगू?
जसं मी सांगितलं तसं.

तो गंजीफ्रॉकवर बसला, गुडघे जुळवून,
शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.
दोरा पहिल्याच झटक्यात सुईत गेला.
मागे रांगेत अजून सहाजण होते, कुरकुरायला लागले.
थांबा म्हटलं,
एवढं बटण होऊ दे.

भाड्याचं पुढच्या गुरुवारी बोलू.