बिनटाका

न्यूपोर्टच्या त्या क्लिनिकात गुळगुळीत पत्रक दिलं,
त्याचा मी मनातल्या मनात तर्जुमा केला : बिनटाका.
लहानपणी तालुक्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर
लाल त्रिकोणाखाली असायचा तोच शब्द.
चिरफाड नाही. संध्याकाळी घरी.
पैसे तीन हप्त्यांत.

रिकामा फुगा घशातून खाली सोडायचा
आणि तिथे भरायचा मिठाच्या पाण्यानं,
अर्ध्या लिटरला थोडं जास्तच,
त्यात निळं औषध मिसळून.
निळं कशाला, मी विचारलं.
"फुटला तर कळावं म्हणून," ब्रॉनवेन नर्स म्हणाली,
"लघवी हिरवी दिसली की फोन. मध्यरात्र असली तरी."
दूध उतू गेलं तर गॅस बंद कर,
इतक्या सहज.

घरी बोलले नाही.
विश्राम पोलादाच्या कारखान्यात रात्रपाळीला,
तो येतो तेव्हा मी निघालेली असते
शाळेच्या स्वयंपाकघरात, दोनशे मुलांना कस्टर्ड वाढायला.
गोष्ट पोटात ठेवणं म्हणतात,
ते मी अक्षरशः केलं.

पहिले चार दिवस पाण्याचा घोटसुद्धा ठरेना.
टबच्या गार कडेला कपाळ टेकून ओकत राहिले.
आमची भिंत एकेरी विटेची.
पाचव्या दिवशी शेजारच्या मिसेस प्रॉसर आल्या,
हातात लोकरीचे मोजे. पिवळे. अंगठ्याएवढे.
माझं वय शेहेचाळीस.
मी घेतले. काय सांगणार होते?

मग उतरले, अकरा किलो.
अंगठी कस्टर्डच्या पातेल्यात पडली
आणि मी डावानं ढवळत हसत सुटले एकटीच.
उस्क नदी दिवसातून दोनदा फुगते,
दोनदा चिखलाच्या बरगड्या दाखवते,
तिला कुणी काट्यावर उभं करत नाही.
पुलावरून जाताना हे मला रोज सुचायचं
आणि रोज मी घरी जाऊन काट्यावर उभी राहायचे.

पाचव्या महिन्यातला रविवार.
भांड्यात रंगपंचमीनंतरच्या मोरीचा रंग.
मी फोन केला नाही.
फ्लश केलं. पुन्हा फ्लश केलं.
तीन किलो अजून बाकी होते.

मंगळवारी रात्री पोटात गोळा आला,
भीतीचा नव्हे, खराच,
वाट चुकून आतड्याच्या वळणावर अडकलेला.
सर्जन पोरगेलासा होता, हळू बोलायचा.
आता कापावं लागेल, म्हणाला.

शुद्धीवर आले तेव्हा
विश्राम कामाच्या बुटांतच खुर्चीत बसलेला.
एकोणीस टाके. त्यानं मोजले होते की नर्सला विचारले,
कुणास ठाऊक.
मी म्हटलं, चुकले रे, पोटात घाल.
तो बराच वेळ चादरीकडे बघत राहिला.
"आता पोटात कुणी काही घालायचं नाही," म्हणाला,
आणि रडला. किंवा हसला.
टाक्यांमुळे मला दोन्ही जमत नव्हतं.

घरी आल्यावर मिसेस प्रॉसर आल्या.
काहीच विचारलं नाही.
चहा केला, त्यांच्या पद्धतीचा, पांचट,
माझा हात दोन्ही हातांत धरून बसल्या,
आणि डोळे पुसून म्हणाल्या,
ते मोजे परत देऊ नकोस हं. ठेव.
मी मान हलवली.
त्यांना कशाचं दुःख झालंय ते कळत होतं,
आणि ते दुरुस्त करायला
माझं तोंड उघडलं नाही.