अट क्रमांक अकरा

सुदामानगरात दुसऱ्या मजल्यावर
एक खोली, एक किचन, पाऊल मावेल एवढी गॅलरी.
बँकेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून घेतली.
पद्माकर म्हणाले, एफडीत टाकले असतेस तर साडेसात टक्के,
ही खोली साडेतीनही द्यायची नाही,
वर नळ गळेल तो वेगळा.
हिशोब त्यांचा बरोबर होता.
मी बत्तीस वर्षं लोकांचे हिशोब तपासले,
मला कळत नव्हतं असं नाही.

गेंदालाल मिस्त्री बोटाच्या पेरांनी भिंती वाजवत
डॉक्टरसारखा फिरला.
"पोली है," म्हणाला. "ये भी पोली है."
प्लास्टर पाडलं, तेव्हा निम्मी भिंत
गोणपाटात भरून जिना उतरली.
बाथरूमचं पाणी दाराकडे वाहायचं,
ते जाळीकडे वळवायला चार दिवस
आणि अंदाजात न धरलेले एकोणीस हजार.
सियागंजातून नळ आणले, पितळी, जड.
"किरायेदार को प्लास्टिक का चलता है, बाईसाब."
चालतं, हे मला माहीत होतं.
आम्हीच चालवून घेतलेलं.

बाबा मिलमध्ये टाइमकीपर. परदेशीपुरा, नंदानगर,
पुन्हा परदेशीपुरा. आठ घरं, आठही दुसऱ्यांची.
मालक बदलले, वाक्य बदललं नाही:
भिंतीला खिळा मारायचा नाही.
म्हणून कॅलेंडर दाराच्या कडीला,
दार उघडलं की अख्खा महिना हलायचा.
आरसा खिडकीच्या गजाला टेकलेला,
आई गुडघ्यांवर बसून कुंकू लावायची.
देवांची तसबीर पिठाच्या डब्यावर;
पोळ्या करायच्या तर आधी देव उतरवायचे.

गेंदालालला सांगितलं, पुट्टीच्या आधी
भिंतीत सागवानी गुटके बसव.
आरशाला, कॅलेंडरला, देवाला, घड्याळाला,
आणि दोन असेच.
तो हसला. तोंडात पेन्सिल धरून मापं घेतली,
सहा गुटके बसवले.
मग पुट्टीचे दोन हात, रंगाचे दोन हात,
सगळं झाकून गेलं.

चौरसिया ब्रोकरनं एका महिन्याचं भाडं घेतलं
आणि कुक्षीच्या दोघी आणल्या,
हेमलता नि तिची मावसबहीण, पटवारीच्या परीक्षेसाठी.
किल्ली देताना मी बरंच बोलले.
नर्मदेचं पाणी एक दिवसाआड,
कचऱ्याची गाडी सव्वासातला, ओला वेगळा, सुका वेगळा,
मोटार चालू ठेवून झोपायचं नाही,
दहानंतर जिन्यात गप्पा नकोत.
बोलता बोलता माझाच आवाज मला ऐकू आला,
ओळखीचा. परदेशीपुऱ्यातला.
गुटक्यांचं सांगायचं राहून गेलं.

अकरा महिन्यांनी नवा करार करायला गेले,
दहा टक्के वाढवून. हो, वाढवले.
भिंतीवर चिकटवायचे हूक, प्लास्टिकचे, गुलाबी.
एक सुटून पडला होता, सोबत तळहाताएवढा
रंगाचा पापुद्रा घेऊन.
आरसा खिडकीच्या गजाला टेकलेला.
हेमलता घाबरली. "आंटी, कील एक भी नहीं ठोकी हमने.
एग्रीमेंट में लिखा था."

पिशवीतून कागद काढला. चौरसियाचा छापील नमुना,
अट क्रमांक अकरा.
खाली माझी सही, बँकेतली, वळणदार,
न वाचता केलेली.

हातोडी त्यांच्याकडे नव्हती. खलबत्त्यातला बत्ता दिला.
खाली किराणावाल्याकडून खिळे आणले, पाव किलो, कमी देईना.
पेरांनी भिंत वाजवत गेले. भरीव वाटलं तिथे ठोकला.
चुकला. प्लास्टर सांडलं फरशीवर.
हातभर डावीकडे दुसरा:
लाकूड लागलं की ठोक्याचा आवाज बुडतो,
हाताला आधी कळतं, कानाला मागून.
दोघी बघत राहिल्या.
मी आरसा टांगला, हेमलताच्या उंचीला.

घरी पद्माकरांना सांगितलं.
ते म्हणाले, त्या पहिल्या भोकाचं काय?
डिपॉझिटमधून कापणार का?